सुईआधीचा अर्धा तास

१

तपासणीच्या कागदावर कामाची ओळ एकच होती. तिन्ही रिकाम्या शिश्यांत उरलेल्या थेंबांना औषधाचा गुण नाही.

सिस्टरने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि ती खुर्चीच्या कडेवर बसली. घरोघर जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शने देणे हे तिचे काम, त्यामुळे कुठेही गेली तरी चटकन उठता येईल असेच बसायची तिची सवय.

"काका, मी चोर आहे म्हणतात. शिशीतलं औषध काढून घेतलं, पाणी भरलं, आणि ताईंना सात महिने पाणी टोचलं."

"कोण म्हणतं?"

"ताईंचा धाकटा भाऊ. लेखी तक्रार केलीय त्याने. सोमवारी चौकशी आहे. तिथे त्याचं खरं ठरलं तर माझी नोंदणी रद्द. मग जन्मात कुणाला सुई लावता येणार नाही."

वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षे पुस्तके दिली आणि परत घेतली. परीक्षेच्या दिवसांत ही मुलगी माझ्या टेबलाशेजारी बसून अभ्यास करायची. मी बरेच वाचले आहे असा तिचा तेव्हापासूनचा समज. वाचले आहे हे खरे. समजले किती, याची खात्री मला आजही नाही.

"मी काय करणार गं? मला तर दुकानदाराला भाव विचारतानाही घाम फुटतो."

"विचारू नका. नुसतं बघा. छापलेल्यातली चूक तुम्हाला लांबून दिसते."

ताई म्हणजे आमच्या मिस्त्रींची मुलगी. ग्रंथालयातल्या सगळ्या खुर्च्या त्या बापलेकीच्या हातच्या. सांगाडा बापाचा, वेताची बैठक लेकीची. तीन वर्षांपूर्वी तिला संधिवाताने गाठले. बोटांचे सांधे लाल होऊन सुजले, वेत धरवेना. मग हे नवे औषध सुरू झाले आणि चार महिन्यांत ती पुन्हा विणायला बसली. एका खुर्चीची बैठक पुरी केली तेव्हा मिस्त्रींनी मला मुद्दाम बोलावून तिच्यावर बसवले होते. त्यानंतर काय बिनसले कुणास ठाऊक. बोटे परत सुजू लागली आणि आता तर ती वाकडीच झाली होती.

"अजून एक आहे," सिस्टर खाली बघत म्हणाली. "वापरलेल्या शिश्या माझ्याच डब्यात असतात, महिन्याच्या शेवटी मी दवाखान्यात जमा करते. त्या शिश्यांवरची लेबलं कुणीतरी काढून परत चिकटवलीत. डब्याची किल्ली फक्त माझ्याकडे असते, काका."

२

ताईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या वाचक. पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्यांत त्यांचा पहिला नंबर असायचा.

"या. दंड वसूल करायला आलात?" त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. त्यांनाही हे प्रकरण मनाला लागलेले दिसत होते.

मी आधी औषधाबद्दल विचारले. नाव वाचून मला काही बोध झाला नव्हता.

"सोपं सांगते," त्या म्हणाल्या. "अंगात कुठे जंतू शिरले की एक निरोप्या ओरडत सुटतो. पेशींच्या दारावर त्याचं ऐकणारे कान असतात. ती प्रथिनंच, त्यांना रिसेप्टर म्हणतात. कानाने ऐकलं की पेशी लढायला उठते. सूज, ताप, लाली, सगळी ती लढाई. या मुलीच्या अंगात शत्रू नसताना ओरडा चालूय, आणि पेशी तिच्याच सांध्यांवर तुटून पडल्यात."

"आणि औषध?"

"औषध म्हणजे तोच कान, दारावरून काढून रक्तात मोकळा सोडलेला. ओरडा वाटेतच झेलतो, दारापर्यंत पोचूच देत नाही. आम्ही बनावट कान म्हणतो त्याला."

"म्हणजे शिशीत नुसते कानच कान."

"कोट्यवधी. आणि या शिश्यांत एकही ऐकत नाही."

"फ्रीजमधल्या बंद शिश्या?"

"त्या तपासल्या, उत्तम आहेत. त्याच खेपेच्या शिश्या आणखी चार रोग्यांना दिल्यात, ते सगळे बरे आहेत. तिथेच तर सिस्टर अडकते. बंद शिशी चांगली, उघडलेली निकामी. मध्ये हात कुणाचा?"

मला एक शंका आली. ती बोलावी की नाही यात माझी दोन मिनिटे गेली. या बाईंनी आयुष्य याच कामात घालवले, त्यांना मी काय शिकवणार.

"बाई, चुकत असेन तर सोडून द्या. तुम्ही कान ऐकतात का ते तपासलंत. कान शिशीत आहेत की नाहीत, ते तपासलंत का?"

त्यांनी फोन उचलला आणि प्रयोगशाळेला सांगितले की उरलेल्या थेंबांत प्रथिन किती आहे ते मोजा.

३

मिस्त्रींचे घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे तीन खोल्या. धाकटा दारातच भेटला.

"सिस्टरने पाठवलं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "काका, तुम्ही भला माणूस. भल्या माणसाला कुणीही वकील करतं."

"औषध तूच आणतोस ना?"

"बर्फाच्या पेटीतून. दुकानातून तडक घरी, घरातून तडक फ्रीजमध्ये." मग त्याचा आवाज उतरला. "एकदा पेटी गाडीत राहिली होती तासभर. एकदाच. घरात बोललो नाही. म्हणून तर मी स्वतः बंद शिश्या तपासायला दिल्या. झोप लागत नव्हती. त्या चांगल्या निघाल्या तेव्हा मी रडलो, काका. आणि मग डोकं फिरलं माझं. मी नाही, तर कोण?"

बिचाऱ्याचा राग कुठून आला ते मला कळले. स्वतःवरचा संशय उतरला, तो कुणावर तरी ठेवायलाच हवा होता.

ताई मागच्या खोलीत बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. भिंतीशी एक खुर्ची, अर्धी विणलेली. वेताची टोके सुकून वर आली होती.

"काका, तुमच्या ग्रंथालयाच्या खुर्च्या कशा आहेत?"

"तुझ्या खुर्च्यांवर विद्यार्थी अजून झोपतात."

ती हसली. मी विचारले, औषधाचा गुण गेला त्याच सुमारास काही बदलले का घरात?

"घरात काय बदलणार? आधी सिस्टर यायच्या, शिशी फ्रीजमधून काढायच्या आणि अर्धा तास गप्पा मारत बसायच्या. गार औषध टोचलं की आग होते ना, म्हणून. मग त्यांना दोन घरं वाढवून दिली. वेळ पुरेना. तेव्हापासून त्या येण्याआधीच शिशी काढून ठेवायची असं ठरलं."

"कुणी काढून ठेवायची?"

ती दाराकडे बघू लागली. बाहेर रंधा चालल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"घरातलंच कुणीतरी," ती म्हणाली. "काका, मला आता पडायचंय जरा."

४

शनिवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "शिशीत प्रथिन पुरेपूर आहे. थेंबभरही कमी नाही. मला काही सुचेनासं झालंय. तुम्ही या."

त्यांनी सिस्टरच्या डब्यातली चौथी शिशी माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा पुसला आणि मनातले एकेक मांडत गेलो. बोलताना मी अडखळतो, म्हणून बोटांवर मोजत होतो.

"चोराने औषध नेलं असतं तर शिशीत पाणी राहिलं असतं. इथे औषध पुरेपूर आहे. म्हणजे चोरी झालीच नाही. औषध जागच्या जागी मेलंय. तुमच्या पुस्तकांत अशी प्रथिनं मरण्याची कारणं असतील."

"गोठलं, फार हललं किंवा तापलं."

"गोठलं असतं तर शेजारच्या बंद शिश्याही गोठल्या असत्या. आणि शिशी घराबाहेर जातच नाही, तिला हलवणार कोण?"

"उरलं तापणं." त्या सावकाश म्हणाल्या. "पण लेबल?"

"लेबलाचंच मला नवल वाटत होतं. चोरी करायची तर रबरी बुचातून सुई घालायची. लेबलाला हात कशाला लावायचा? लेबल कुणी काढलं नाही, बाई. ते सुटलं. गरम पाण्यात कागद सुटतो. जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे मी तसेच सोडवायचो."

मी शिशी उजेडात धरली. लेबल सरळ बसवलेले होते, आत हवेचा एक बुडबुडा नाही, कडा नखाने घोटलेल्या. हे काम घाईतल्या माणसाचे नव्हते. वाकडे लेबल ज्याला बघवत नाही अशा कुणाचे तरी होते. मी बोट ओले करून कडेवर घासले आणि नाकाशी नेले.

तो वास मी चौतीस वर्षे घेतला आहे. सरसाचा. हाडा-कातड्यांपासून केलेला तो जुना डिंक आता कुणी वापरत नाही. पुस्तक बांधणारे एक-दोघे वापरतात, आणि जुन्या वळणाचे सुतार.

मी शिशी टेबलावर परत ठेवली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काय झालं?"

"सोमवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "माझं चुकत असेल."

इतक्या मनापासून आपले चुकावे असे मला आधी कधी वाटले नव्हते.

घरी सिस्टर वाट बघत होती. तिला मी एवढेच विचारले, "औषध दर वेळी नितळ असायचं?"

"आधी असायचं. नंतर किंचित दुधी दिसायचं. शिशी छान कोमट असायची, म्हणून मला बरंच वाटायचं. खोलीत उजेड कमी असेल म्हटलं. पुढे सहा घरं होती, काका. मी खिडकीपाशी जाऊन बघायला हवं होतं."

५

रविवारी सकाळी मी कारखान्यात गेलो. मिस्त्री चुलीपाशी पाठमोरे बसले होते. चुलीवर पाण्याचे पातेले, त्या पाण्यात सरसाचे छोटे भांडे. पाणी उकळत नव्हते. हात घालवणार नाही इतपत तापवून ठेवलेले होते.

मी हाक मारणार तोच मागून बाहीला ओढ लागली. ताई होती. बोटांनी धरता येईना म्हणून तिने मनगटात माझी बाही अडकवली होती.

"काका, बाहेर चला."

आम्ही भिंतीच्या आडोशाला उभे राहिलो.

"तुम्हाला कळलंय," ती म्हणाली. "लेबलांचं ऐकलं तेव्हाच मलाही कळलं. बाबांनी शिशी काढून ठेवली त्या पहिल्या दिवशी ती गारच राहिली, सुईने मी ओरडले होते. दुसऱ्या खेपेला आग झालीच नाही. बाबा किती खूश होते. 'गार सरस लाकूड धरत नाही, गार औषध अंग कसं धरेल,' म्हणाले. मीच म्हटलं, बाबा, असंच करत जा."

"सिस्टरची नोंदणी जाईल, बाळ."

"तिला दुसरं काम मिळेल. हुशार आहे ती." तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "बाबांना दुसरं मन कुठून आणू? आई गेल्यापासून माझी वेणीसुद्धा ते घालतात. त्यांच्या हातानं माझे हात गेले, हे त्यांना कळलं तर ते पुन्हा हत्यार धरणार नाहीत. तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला तर गप्प राहायची सवय आहे."

ती टोचून बोलली नव्हती. खरे तेच बोलली होती. कुणाचे मन दुखू नये म्हणून मी जन्मभर गप्प राहिलो, आणि त्याला भलेपणा म्हणत आलो. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण म्हणायला सोपी. इथे तर चोरच नव्हता. होता तो एक बाप, आणि फाशी जायची होती ती तिसऱ्याच कुणाची पोर.

"ताई," मी म्हणालो, "उद्या गप्प राहिलो तर तुझे बाबा मंगळवारी पुन्हा शिशी काढून ठेवतील."

तिने वर पाहिले. हे तिच्या ध्यानात आले नसावे. की आले होते, आणि तरी तिने ठरवले होते? मला ते आजवर विचारवलेले नाही.

तिने माझी बाही सोडली.

६

"या, या," मिस्त्री म्हणाले. "पुस्तकं सोडून इकडे कुठे वाट चुकलात?"

मी स्टुलावर बसलो. सांगायचे ते रात्रभर जुळवले होते, त्यातले एक वाक्य आठवेना.

"मिस्त्री, अंडं उकडलं की परत पातळ होतं का?"

"नाही होत. का?"

"सरस होतो."

"सरसाचं वेगळं. तो गार झाला की घट्ट, तापवला की पातळ. शंभरदा करा."

"ताईचं औषध अंड्यासारखं आहे, मिस्त्री. सरसासारखं नाही."

रंध्याच्या सालींचा ढीग त्यांच्या पायाशी पडला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. माणसाला एखादी गोष्ट कळते तेव्हा चेहरा बदलतो असे मी वाचले होते. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी फडके घेतले, पातेले धरले आणि चुलीवरून खाली उतरवले. मग चूल विझवली.

"मी पुसून ठेवायचो," ते म्हणाले. "लेबल सुटायचं, तर नीट लावायचो. तिच्या अंगाला लागायचं औषध, गबाळं कशाला दिसावं म्हणून."

"हो."

"तिला दुखू नये एवढंच होतं."

"मला ठाऊक आहे."

"सात महिने. आठवड्यातून दोनदा." त्यांचे ओठ हलत होते, जणू फळीचे माप घेत होते. "साठ वेळा, ग्रंथपाल. साठ वेळा मी स्वतःच्या हातानं..."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी तसाच बसून राहिलो.

मग त्यांनी विचारले, "तिला माहीत आहे?"

मला खोटे बोलता आले असते. "हो," मी म्हणालो.

"तरी बोलली नाही." ते उठले, खुंटीवरचा सदरा घेतला आणि परत खुंटीला अडकवला. कुठे जायचे होते ते विसरले असावेत. "उद्या किती वाजता आहे ते?"

७

चौकशीला वीस मिनिटे लागली. मी लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. मिस्त्री उभे राहिले आणि एखाद्या गिऱ्हाईकाला खुर्चीतला दोष सांगावा तसे त्यांनी सगळे सांगितले. पाणी किती तापायचे, शिशी त्यात किती वेळ ठेवायचे, लेबल कशाने लावायचे. धाकटा पहिल्या वाक्यालाच "बाबा, बसा" म्हणाला. ते बसले नाहीत.

त्यानंतर सिस्टर आपणहून उठली आणि औषध दुधी दिसल्याचे बोलली. तिला लेखी ताकीद मिळाली. नोंदणी राहिली.

बाहेर आल्यावर धाकटा तिच्यासमोर उभा राहिला. "मी..." एवढेच म्हणाला.

"मंगळवारी बर्फाची पेटी वेळेवर आणा," ती म्हणाली आणि चालू लागली.

डॉक्टरीणबाईंनी ताईचे हात तपासून मला बाजूला घेतले. सूज उतरेल, अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट कदाचित मोकळे होतील. बाकीच्या सांध्यांची हाडे झिजली आहेत, ती कोणत्याही औषधाने भरत नाहीत. अर्धी खुर्ची अर्धीच राहणार होती.

मंगळवारी मी गेलो. कारखाना बंद होता. मिस्त्री मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते आणि फ्रीजकडे त्यांची पाठ होती. सिस्टर अर्धा तास आधीच आली. एक घर तिने वरिष्ठांना सांगून कमी करून घेतले होते. तिने शिशी काढली, खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली आणि मिस्त्रींसमोर धरली.

"धरा."

"माझ्या हातात नको देऊस, पोरी."

"मुठीत धरा. माणसाच्या मुठीच्या उबेनं याला काही होत नाही. अर्धा तास लागतो. मला माझी पिशवी आवरायचीय, माझा हात रिकामा नाही."

तिची पिशवी आवरून झालेली होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होते.

मिस्त्रींनी हात मागे घेतले. तेव्हा ताई उठली. दोन मनगटांच्या मध्ये शिशी पकडून तिने ती वडिलांच्या तळव्यावर ठेवली आणि वर आपला न मिटणारा हात पालथा टेकवला.

"बाबा, गार सुई मला अजून लागते," ती म्हणाली.

त्यांनी मूठ मिटली. अर्धा तास तसाच गेला. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. सिस्टरला पुढच्या घरी जायचे होते, पण तिने घड्याळ पाहिले नाही. मिस्त्री मुठीकडे बघत बसले होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग सिस्टरने हात पुढे केला. मिस्त्रींना मूठ उघडायला थोडा वेळ लागला.